व्याह्यांसाठी ‘गेट’: एकूण एक्केचाळीस अर्थ

रविवार, २ मार्च
संकल्प. उर्जाच्या लग्नात मी अर्धा तास इंग्रजीत भाषण करणार आणि तिच्या सर्बियन सासू-सासऱ्यांना ते शब्दन् शब्द कळणार. पुढच्या रविवारपासून अकरा ते एक व्हिडिओ कॉल. शिकवणार एकच क्रियापद: गेट. ते आलं की इंग्रजी आलं. उर्जा आधी नको म्हणाली. मग आईकडे बघितलं आणि म्हणाली, छान कल्पना आहे. पोरीला बापाची किंमत आहे.

९ मार्च
अर्थ एक ते चार: मिळणे, आणणे, पोचणे, होणे. सर्बियनमध्ये म्हणे प्रत्येकाला वेगळा शब्द. बिचारे, एवढं पाठ करायचं! विहीणबाई स्लाविका नुसत्या हसून मान डोलावतात. म्हणजे ठार अडाणी. व्याही मिरोस्लाव कॅमेऱ्यासमोर झोपले. बायको वसुधा म्हणते, मुलाकडचे आहेत, जरा मान ठेवा. मानपान वर्गाबाहेर.

२३ मार्च
गृहपाठ आला. स्लाविकाबाईंची दहा वाक्यं, एकही चूक नाही. उघड कॉपी. दहापैकी चार दिले आणि नवऱ्यासमोर सुनावलं. थँक्यू म्हणाल्या.

१३ एप्रिल
अर्थ सतरा. वेळ पुरत नाही, तास दोनपर्यंत वाढवला. वसुधा आणि उर्जा फारच खूश. आज दोघी बाहेरून आल्या तेव्हा लग्नाचा हॉल ठरला होता. मला विचारलं नाही, कारण मी शिकवत होतो. बरोबरच आहे.

११ मे
मेन्यू, साड्या, पाहुण्यांची यादी, सगळं रविवारीच उरकलं. यादीत माझ्या ऑफिसातले आठजण नाहीत. भांडणार होतो, पण अर्थ एकोणतीस राहिला होता.

१ जून
अर्थ एक्केचाळीस. अभ्यासक्रम संपूर्ण. बावन्न पानी नोट्स स्पायरल करून सर्बियात, त्यांच्या निश गावी पाठवल्या. जावई लाझारला म्हटलं, तुझ्या आईला आता निदान पाणी मागता येईल. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. भारावला असावा.

१५ जून
काल लग्न झालं. कार्यक्रमपत्रिकेत भाषण एकच, स्लाविकाबाईंचं. बारा मिनिटं, इंग्रजीत, हातात कागद नाही. लोक हसले, मग रडले. माझं भाषण खिशातच. शेजारी बसलेल्या मिरोस्लावनी सांगितलं की बायकोने निशच्या कॉलेजात चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. हेही त्यांनी इंग्रजीतच सांगितलं.

वसुधाला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, पहिल्या दिवसापासून. दर रविवारी तुम्ही कुणाच्या मध्ये आला नाहीत, म्हणून लग्न नीट पार पडलं. विहीणबाईंचे उपकार माना.

निघताना विहीणबाईंनी नोट्स परत दिल्या. लग्न होईपर्यंत थांबले, म्हणाल्या, मुलीच्या वडिलांना कसं दुखवायचं? आता आपण घरचेच. पानापानावर लाल शाई. शेवटी शेरा: दहापैकी चार.

२२ जून, सकाळी ११.३५
लॅपटॉप उघडून बसलोय. नवी वही आणली. चुका समजून घ्यायच्या, अगदी अर्थ एकपासून. लिंक दोनदा पाठवली. कुणी आलं नाही.

उर्जाला फोन केला. ती म्हणाली, बाबा, आता क्लास कशाला, लग्न झालं ना.