गणपतच्या ऑस्टिनचा कार्बोरेटर

मालवण,
दि. १४ जानेवारी १९५९

प्रिय गणपत यास,

विश्रामचा नमस्कार. आम्ही इकडे सुखरूप. आमच्या तुळसाने संक्रांतीचा तिळगूळ केलाय, तो एस.टी.च्या कंडक्टरबरोबर सावंतवाडीला पाठवतोय. आधी पत्र वाच, मग पिशवी सोड.

तुझं पत्र परवा मिळालं. येत्या सोमवारी ऑस्टिन भंगारात देऊन तू मुंबईला गिरणीत जाणार म्हणे. खोटं कशाला बोलू, वाचून आधी मला बरंच वाटलं. म्हटलं, सुटलो एकदाचा.

ती गाडी तुझ्या मांगराच्या छपराखाली आली तेव्हा तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. तू मोडक्या बसची काच कापून तिला लावलीस, खाली फणसाच्या फळ्या ठोकल्यास. गिअरची मूठ तर खेळणी करणाऱ्या चिताऱ्याकडून करून आणलीस. मेमसाहेबाच्या हातात लाकडी बाहुली, म्हणून मी हसलो. हसलो कसला, जळलो! आपण दोघं भाई मेस्त्रींकडेच इंजिनाचं काम शिकलो. पण ते चारचौघांत म्हणायचे, "विश्रामाचो हात बरो, पण गणपताक कान आसत." ते वाक्य पंधरा वर्षं माझ्या घशात अडकलंय.

तुझ्या गाडीत नसलेला, कुठेच न मिळणारा कार्बोरेटर बेळगावच्या भंगारबाजारात सापडला, तो मलाच. तू भर बाजारात मला मिठी मारलीस. बाकीचे सुटे भाग शोधायला तू तिथेच मागे राहिलास आणि तो माझ्याबरोबर पाठवलास. पिशवी एस.टी.च्या टपावरून आंबोली घाटात पडली, असं मी तुला सांगितलं. तू दोन दिवस घाट पायी धुंडाळलास. पायाला फोड आले.

मग तू देवळात गाऱ्हाणं घातलंस. मला वाटलं, ज्याला मिळाला त्याचं वाटोळं मागशील. तू म्हणालास, "विश्रामाक वायट वाटता हा, तेचो काय एक दोष नाय. तेका सुखात ठेव रे म्हाराजा!" आणि सगळ्यांबरोबर मीही ओरडलो, "व्हय म्हाराजा!"

पिशवी पडली नव्हती, गणपत.

तीन वर्षं तो कार्बोरेटर माझ्या भाताच्या कणगीत होता. दर महिन्याला काढून तेल लावायचो आणि परत पुरायचो. फेकवला नाही, देववलाही नाही. आता तिळगुळाच्या डब्याखाली धोतराच्या फडक्यात बांधलाय. त्याची सुई अडकत होती, ती बदललीय.

भंगारवाल्याला सोमवारी परत पाठव. माफी मागणार होतो, पण अजून जळतोच आहे, तर मागू कुठल्या तोंडाने? तिळगूळ घे, गोड नाही बोललास तरी चालेल. गाडी सुरू झाली की एकदा मालवणला आण. माझ्या दारावरून जाताना भोंगा वाजवू नकोस, थांबूही नकोस. मी आतच असेन. इंजिन कसं चाललंय ते मला कळेल, तेवढे कान मलाही आहेत.

तू ज्याचं सुख मागितलंस, तो
विश्राम