माझी कोरायची सुरी परत कर

गुनवोर,

मुख्याध्यापिकेचा आत्ता फोन आला, "आस्लाक, तुझी बहीण म्हणते आज तू येणार नाहीस?" माझी कोरायची सुरीही तूच लपवलीस ना?

डोक्यातले आवाज पुन्हा ऐकू येतात, हे मी तुला विश्वासाने सांगितलं होतं. डॉक्टरांनाही सांगितलं. त्यांनी गोळी वाढवली आणि "काम सोडू नका" म्हणाले.

बावीस वर्षांत माझ्या सुतारकामाच्या वर्गात मुलांनी कापून घेतली नसतील इतकी बोटं तू बटाटे सोलताना कापून घेतलीस!

आज चौथीची मुलं लोणी लावायची पहिली लाकडी सुरी कोरणार आहेत. मी चाललो.

संध्याकाळी माझी सुरी तूच मला दे. मूठ माझ्याकडे, पातं स्वतःकडे करून. पहिल्या दिवशी मी मुलांना हेच शिकवतो.

आस्लाक