डबल बासच्या दोन पेट्या

भिसेगाव, कर्जत
७ नोव्हेंबर १९७७

चि. सौ. सुंदरा हिस,
सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद, वि. वि.

इकडे सगळे खुशाल आहेत. तू पाठवलेल्या तेलाने आईच्या गुडघ्याला उतार पडला. मी मात्र खुशाल नाही. डोकं तापलं आहे आणि ते गोळीने उतरायचं नाही.

काल नेरळला आमच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम झाला. संपल्यावर मालक बुधाजीशेठ सगळ्यांसमोर मला म्हणाले, की हिरामण, तुझं हे लाकडी कपाट टेंपोत दोन माणसांची जागा खातं, आन् ऐकू तर कुणालाच येत नाय. नुसता खाजवत उभा ऱ्हातोस काय त्याला? सगळे हसले. ढोलकीवालासुद्धा हसला, ज्याचा ताल घसरला की मीच सावरून घेतो.

सुंदरा, मुंबईत बारा वर्षं स्टुडिओत मी डबल बास वाजवला. फर्नांडिस मास्तरांनी बोटांना घट्टे पडेपर्यंत शिकवलं. बास कुणी मुद्दाम ऐकत नाही हे मला ठाऊक आहे. पण तो काढून घेतला की गाणं लंगडं होतं. तो ऐकू येत नाही हा दोष माझा, की बांबूला बांधलेल्या त्या पत्र्याच्या भोंग्यांचा? गायिकेची किंचाळी त्यांतून चार शेतं ओलांडते आणि माझा खालचा सूर तारेतच मरतो.

शेठनी आता मुदत दिली आहे. सव्वीस जानेवारीला खालापूरच्या कार्यक्रमात बास ऐकू आला तर ठीक, नाही तर त्यांचा साडू विजेची गिटार घेऊन तयारच बसला आहे.

तेव्हा नागोरावांना माझा निरोप सांग. दुकानातले रेडिओ बाजूला ठेवून त्यांनी मला बाससाठी स्पीकरची पेटी करून द्यावी. मला एकट्याला उचलता आली पाहिजे आणि टेंपोत बाकड्याखाली मावली पाहिजे. एवढं काम त्यांनी मनावर घ्यावं.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नये.
तुझा दादा,
हिरामण


शिळफाटा, खोपोली
१४ नोव्हेंबर १९७७

ती. दादास,
सविनय जयभीम वि. वि.

पत्र पोचलं. तुझ्या शेठचा मला राग आला, पण तो दुसऱ्या नंबरचा. पहिल्या नंबरचा राग तुझा आला.

पत्र मला लिहिलंस आणि काम त्यांना सांगितलंस! लग्नाआधी पाच वर्षं मुंबईच्या रेडिओ कारखान्यात कोण जात होतं? डब्यात भाकरी बांधून द्यायला तूच उठायचास ना? इथे गिऱ्हाईक येतं, ह्यांच्याशी बोलतं, रेडिओ ह्यांच्या हातात देतं. तो रेडिओ पडद्यामागे माझ्याकडे येतो, मी दुरुस्त करते, आणि पडद्याबाहेर जाऊन तो ह्यांचा होतो. हे स्वभावाने गरीब आहेत, बॅटऱ्या आणि सेल विकतात, त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण गाव समजतं ते समजू दे, तूही तेच समजावंस?

आता कामाचं. पेटी मी करणार. भोंग्याबद्दल तुझं बरोबर आहे. त्याचं नरडं आखूड, खालचा सूर त्यातून निघतच नाही. मोठा पडदा असलेला स्पीकर आणि बंद पेटी हवी. पंधरा इंची एकच घेतला तर पेटी धान्याच्या कणगीएवढी होईल आणि तुझ्या कंबरेचे बारा वाजतील. म्हणून मी दहा इंची दोन घेणार, दोन लहान पेट्यांत. प्रत्येकी दीड फूट रुंद, दीड फूट उंच, फूटभर खोल. एका हाताला एक.

मला उलट टपाली कळव: सर्वांत जाड तार मोकळी वाजवलीस की ती किती वेळ घुमते? आणि तारा जिच्यावर टेकतात त्या बासच्या घोडीचा पाय केवढा जाड आहे? रेकॉर्ड प्लेअरमधला सुईचा क्रिस्टल त्या पायाखाली दाबून बसवायचा माझा विचार आहे, म्हणजे तारेचा कंप थेट तिथूनच उचलता येईल. माइक नको. माइकमध्ये सगळ्यांचाच आवाज शिरतो.

लोभ असावा, आणि सोबत थोडा विश्वासही.
तुझी,
सुंदरा


भिसेगाव, कर्जत
२२ नोव्हेंबर १९७७

चि. सौ. सुंदरा हिस,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद, वि. वि.

चुकलो. नागोरावांचं नाव सवयीने आलं. एवढ्यावरून दोन पानं भरून झाडायची गरज नव्हती. आईला पत्र वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, की बरोबर बोलतंय माझं पोर, तूच शाना हायस. म्हणजे घरातही माझी बाजू घेणारं कुणी नाही.

जाड तार मी शंभर आकडे मोजेपर्यंत... असं लिहिणार होतो, पण खोटं होईल. आठ-दहा आकडे मोजेपर्यंत घुमते. घोडीचा पाय अंगठ्याएवढा आहे.

पण दहा इंच? अगं, स्टुडिओत एका परदेशी पाहुण्याची पेटी आली होती, ती माझ्या छातीला लागत होती. मी माणसाच्या उंचीचं वाद्य वाजवतो आणि तू मला बिस्किटाचे डबे देतेस! खालापूरच्या मैदानात फजिती झाली तर साडू समोर बसलेलाच असेल. अजून विचार कर. कणगीएवढी तर कणगीएवढी, उचलीन मी.

काळजी वाटते म्हणून लिहिलं. गैरसमज नसावा, प्रेम असावं.
तुझा दादा,
हिरामण


शिळफाटा, खोपोली
८ जानेवारी १९७८

ती. दादास,
सविनय जयभीम वि. वि.

बिस्किटाचे डबे तयार आहेत. येत्या शनिवारी हे एस.टी.ने आणून देतील. सोबत दुकानातला जुना ॲम्प्लिफायर आहे, त्याचे व्हॉल्व्ह मी बदलले आहेत. गरम झाल्यावर हात लावू नकोस.

लाकूडकाम कमळ्या सुताराने केलं. त्याची एक तऱ्हा ऐक. मी त्याला बजावलं होतं, की स्पीकरचं भोक सोडून पेटीला सुई जाईल एवढीही फट नको. तर या कलाकाराने पुढच्या फळीवर नक्षीचं कमळ कोरून आरपार पाडलं! विचारलं तर म्हणतो, वैनी, आवाजाला वाट नको का? आणि हसतो. मग ह्यांच्याकडे बघून विचारतो, बरोबर ना नागूशेठ? मला इतका संताप आला, की फळी त्याच्याच डोक्यावर ठेवून परत पाठवली. हवा निसटली की खालच्या सुराचा दम जातो, हे त्याला ह्यांनी सांगितल्यावर पटलं. मी सांगत होते तेव्हा पटलं नव्हतं. दुसरी फळी आणली. सांधे मी स्वतः सरस आणि भुश्शाने भरले. आत जुन्या गादीचा कापूस लावला, नाही तर पेटी पिंपासारखी बोलते.

आता मांडायचं कसं ते नीट वाच. पेट्या स्टेजच्या फळ्यांवर ठेवू नकोस, फळ्या थरथरतील आणि नुसता गडगडाट होईल. खाली दोन-दोन विटा आणि त्यांवर गोणपाटाची घडी. कोपऱ्यात ठेवू नकोस. कोपरा आवाज फुगवतो, सूर पुसतो. एक पेटी लोकांकडे पुढे, दुसरी तुझ्या कानाच्या उंचीला स्टुलावर, म्हणजे तुला स्वतःला ऐकू येईल. कुठल्याच पेटीचं तोंड बासच्या पोटाकडे नको, नाही तर आवाज फिरून बासमध्ये शिरेल आणि हुंकारत राहील. तरी हुंकारला, तर बासच्या पोटावरच्या भोकांत फडकं कोंब. आणि लाल वायर लालालाच. उलटी लावलीस तर एक पेटी ढकलेल तेव्हा दुसरी ओढेल, आणि मध्येच सूर गिळला जाईल.

मी रेडिओवर मुंबई केंद्राच्या पखवाजावर चाचणी घेतली. शेजारच्या इंदूबाई लाटणं हातात घेऊन बघायला आल्या, घरात कोण शिरलं म्हणून.

यश घेऊन ये. नाही आलं तरी पत्र लिही.
तुझी,
सुंदरा


भिसेगाव, कर्जत
२८ जानेवारी १९७८

चि. सौ. सुंदरा हिस,
सप्रेम जयभीम व खूप खूप आशीर्वाद, वि. वि.

ऐकू आला! खालापूरच्या मैदानात शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आला!

आधी घात होता होता राहिला. विटांना शेठनी हरकत घेतली, स्टेजची शोभा जाते म्हणाले. पेट्या फळ्यांवर ठेवल्या आणि पहिल्याच गाण्यात असा गडगडाट झाला, की पुढची पोरं टाळ्या पिटायला लागली. शेठनी लांबूनच हाताने खूण केली, बंद कर. मी बंद केलं नाही. दोन गाण्यांच्या मध्ये कुणाला न विचारता विटा आणल्या, गोणपाट घातलं, पुढची पेटी बासपासून तोंड फिरवून लावली, भोकांत माझाच गमछा कोंबला. दुसरं गाणं सुरू झालं. मग काय सांगू! गोल, स्वच्छ, एकेक सूर वेगळा. ढोलकीवाल्याने वळून पाहिलं. गायिकेने अंतऱ्यात चक्क माझ्याकडे बघून सम घेतली. बारा वर्षं स्टुडिओत काचेमागे वाजवलं, पण माणसं माझ्या सुरावर मान हलवताना मी पहिल्यांदाच पाहिली.

कार्यक्रम संपल्यावर पेट्यांभोवती गर्दी जमली. कुठून आणल्या, कुणी केल्या, एवढ्याशा पेटीतून एवढा आवाज कसा, वगैरे. घरच्याच आहेत म्हणून सांगितलं. साडू आला होता, गिटार पिशवीतून काढलीच नाही त्याने. शेठनी त्याला तसंच परत पाठवलं. हीच त्यांची शाबासकी समजायची.

बिस्किटाच्या डब्यांचे शब्द मी परत घेतो. आई तुझ्या नावाने गोड करणार आहे.

असाच हात पाठीवर ठेव.
तुझा दादा,
हिरामण


शिळफाटा, खोपोली
२० फेब्रुवारी १९७८

दादास,
जयभीम.

आज मायना लांबवायची इच्छा नाही.

काल चौक गावचे एक मंडपवाले दुकानात आले. खालापूरला तुझ्या पेट्या त्यांनी ऐकल्या होत्या, तशाच त्यांना करून हव्यात. नागोराव कारागीर कुठे आहेत, म्हणून विचारलं. मी पडद्याच्या फटीतून सगळं ऐकत होते. त्यांनी सांगितलं, की बासवाल्या हिरामणरावांनी मालकांसमोर आणि सगळ्या लोकांसमोर सांगितलं, की या पेट्या आमच्या मेहुण्यांनी केल्या, रेडिओतला मोठा माणूस आहे.

घरच्याच आहेत म्हणून सांगितलंस ना मला? पत्रात बरोबर तेवढंच लिहिलंस. उरलेलं वाक्य खालापूरलाच ठेवून आलास.

ह्यांचं काय झालं असेल विचार कर. मंडपवाल्यांनी कापूस किती भरायचा विचारलं, तर हे म्हणाले उशीएवढा. घाम फुटला त्यांना. गिऱ्हाईक गेल्यावर जेवले नाहीत. म्हणाले, मी कुणाकडे मागितलं होतं हे मोठेपण?

दादा, तुझा सूर कुणाला ऐकू येत नाही म्हणून तू मला पानभर लिहिलंस, आणि ते वाचून दोन महिने मी बोटं भाजून घेतली. सरसाचा वास अजून केसांतून गेलेला नाही. आणि नाव घ्यायची वेळ आली, ते फक्त तोंडातून काढायचं होतं, तर तेवढं तुला जमलं नाही. बुधाजीशेठ तर परका माणूस आहे. तू कोण आहेस?

उत्तराची घाई नाही.
सुंदरा


भिसेगाव, कर्जत
१७ एप्रिल १९७८

चि. सौ. सुंदरा हिस,
सप्रेम जयभीम वि. वि.

दोन महिने तुला पत्र नाही. चार लिहिली, चारही फाडली. प्रत्येकात मी सबबी सांगत होतो. बाईने केल्या म्हटलं तर शेठ हसतील, पेट्यांत खोट काढतील, मला परत काचेमागे ढकलतील. खरं एवढंच, की मी घाबरलो. आणि सोपं ते बोललो.

शुक्रवारी, चौदा एप्रिलला पोशीरला जयंतीचा कार्यक्रम होता. ऊन उतरल्यावर सुरू झाला. माणसांनी मैदान भरलेलं. शेठ माइकवर सगळ्यांची ओळख करून देत होते, मला नेहमीसारखं गाळून पुढे गेले. मी बास खाली ठेवला आणि माइककडे चालत गेलो. आयुष्यात कधी माइकवर बोललो नाही.  म्हणालो, की या दोन पेट्या माझी बहीण सुंदरा हिने केल्या आहेत, शिळफाट्याला असते. जानेवारीत खालापूरला मी मेहुण्यांचं नाव सांगितलं, ते खोटं होतं.

कुणी हसलं. शेठनी माझा दंड धरला, म्हणाले, वेळ कशाला खातोस लोकांचा. तेवढ्यात बायकांच्या बाजूने कुणीतरी ओरडलं, की नाव नाय ऐकू आलं, परत सांगा! म्हणून मी परत सांगितलं. या वेळी मोठ्याने. नाव, गाव, आणि रेडिओ कारखान्यातली पाच वर्षं सुद्धा.

मग वाजवलं. चांगलं वाजलं.

कार्यक्रम संपल्यावर शेठ म्हणाले, की तू माझी शोभा केलीस, पुढच्या महिन्यापासून माझा साडू वाजवील. पेट्या मात्र ऱ्हाऊ दे, त्या गिटारीला चालतील. सुंदरा, मी या माणसाचं चार वर्षं ऐकून घेतलं, पण हे नाही. म्हटलं, शेठ, माणूस नको आणि आवाज हवा? दोन हातांत दोन पेट्या घेऊन मी स्टेज उतरलो. पोशीरच्या चंद्रभागाबाईंची भीमगीतांची गायन पार्टी आहे, त्यांच्या माणसांनी बास उचलला आणि माझ्या मागोमाग त्यांच्या बैलगाडीत घातला. बाई म्हणाल्या, आमच्यात हार्मोनियम हाय, ढोलक हाय, तळ तेवढा नाय, येशीला का? जातो म्हणून सांगितलं.

माफ कर असं लिहिणं सोपं आहे, म्हणून लिहीत नाही. नागोरावांची मात्र समोर येऊन माफी मागेन.

तुझा लोभ मिळवायच्या खटपटीत असलेला,
दादा


शिळफाटा, खोपोली
२३ एप्रिल १९७८

ती. दादास,
सविनय जयभीम वि. वि.

पत्र मिळालं. त्या शेठला काय बोलायचं ते मी मनातल्या मनात बोलून घेतलं आहे, कागदावर लिहिण्यासारखं नाही. पेट्या ठेवून जा म्हणे! माणसाचे कान कापून न्यावेत तसं झालं हे.

चौकच्या मंडपवाल्यांना ह्यांनी मागच्याच आठवड्यात पडद्याच्या आत आणलं आणि सांगितलं, की कारागीर ही, मी सेल विकतो.  गिऱ्हाईक बसलं आणि कापूस किती लागतो ते वहीत लिहून घेतलं. ह्यांची माफी मागायला येच, पण फार ताणू नकोस, ह्यांना अवघडल्यासारखं होतं.

आणखी एक सांगायचं आहे. चौदा तारखेला मी पोशीरला होते. इंदूबाईंना घेऊन दुपारच्या एस.टी.ने आले, बायकांत मागे उभी राहिले. जयंतीला आले होते असं म्हणणार होते, पण तूही खरं लिहिलंस, म्हणून लिहिते. पिशवीत पेचकस होता. तू गप्प राहिला असतास, तर पहिलं गाणं सुरू व्हायच्या आत स्टेजवर चढून मी दोन्ही पेट्यांच्या वायरी सोडवून नेणार होते. मग जे व्हायचं ते होऊ दे, असं ठरवूनच घरून निघाले होते.

तू माइककडे निघालास तेव्हा इंदूबाईंनी माझा हात धरला. पुढे तुझा बास पहिल्यांदाच लोकांत राहून ऐकला. माझ्या शेजारची एक बाई पोराला थोपटत होती, तिचं थोपटणं तुझ्या सुरावर कधी पडायला लागलं ते तिलाही कळलं नाही. मी शेवटपर्यंत थांबले. तुला भेटले नाही, कारण राग तोवर पुरता उतरला नव्हता आणि उतरला असं तुला वाटायला नको होतं.

नाव परत सांगा म्हणून ओरडल्या त्या इंदूबाई. पण त्यांना कोपराने ढोसलं होतं मी. मला पहिल्याच वेळी नीट ऐकू आलं होतं.

रविवारी ये. लोभ आहे, तो आता तू सांभाळ.
तुझी बहीण,
सुंदरा