आज्ञाधारक सेवक

धनज, मंगळवार, संध्याकाळ

सकाळी पूजा आटोपून कविताच्या नोकरीचा इंग्रजी अर्ज लिहिला. कारंजाच्या दवाखान्यात नर्सची जागा निघालीय, आज शेवटचा दिवस. गावाचे अर्ज मीच लिहितो, शाळेत गुरुजींनी घोटून घेतलेल्या शब्दांत. शेवटी नेहमीचं 'युवर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट'.

पोरीनं सहीच केली नाही.

"बाबा, हे शब्द कवाच मेले. अन् मी काहून कोणाची सर्व्हंट?"

"पोरी, मान असते तो!"

"असन, तुमच्या गुरुजीच्या वक्ती. आता लोक हासतात."

डोकं तापलं. पंचवीस वर्षं लिहितोय, शब्द बदलला तर कोणी सांगायला नको? सर्व्हंट म्हणजे नोकर, हे काय मला ठाऊक नव्हतं? रोज देवापुढे स्वतःला दास म्हणवतो, तिथं कधी लाज वाटली नाही. पण साहेबापुढे पोरीनं दास का व्हावं? सर्व्हंट! इतकी वर्षं मी गावाला हेच लिहून दिलं.

शेवटी अर्ज तिनंच लिहिला. चार ओळी, खाली नुसतं नाव. दुपारच्या एसटीनं जाऊन तोच देऊन आलो. माझा अर्ज देवघरात ठेवला, खाली स्वतःची सही करून.