नेमून दिलेला वधूपिता परत घेण्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी सचिव साहेब,
मुरेन्झी विभाग कार्यालय,
दक्षिण प्रांत, रवांडा.

अर्जदार: श्रीमती फेलिसिता न्यिराबाहिझी, वय ५५, धंदा शेती व टोपल्या विणणे, अध्यक्ष, 'चूल' विधवा व अनाथ साहाय्य मंडळ, मुरेन्झी टेकडी.

विषय: कु. बेयाता उवायेझू हिच्या विवाहासाठी कार्यालयाने नेमलेला वधूपिता परत घेऊन तिचा आहे तोच बाप कायम ठेवण्याबाबत.

संदर्भ: आपल्या कार्यालयाचे दि. ३ ऑगस्टचे पत्र, 'सलोखा सप्ताह: आदर्श विवाह'.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय अर्ज करण्यात येतो की, आपले संदर्भीय पत्र मंडळास मिळाले, मंडळाच्या सर्व बायकांना वाचून दाखवण्यात आले, आणि ज्यांना पहिल्या वाचनात ते खरे वाटले नाही त्यांच्यासाठी पुन्हा वाचण्यात आले. कार्यालयाने एका गरीब मुलीच्या लग्नाची इतकी काळजी वाहावी याबद्दल मंडळ ऋणी आहे. तथापि पुढील गोष्टी साहेबांच्या कानावर घालणे अर्जदारास भाग आहे.

१. साहेब या टेकडीवर नवे आहेत, म्हणून आधी मंडळाविषयी. चौऱ्याण्णव सालचा वंशसंहार थांबला तेव्हा या टेकडीवर काही बायका उरल्या होत्या ज्यांच्या घरात दुसरे कोणी नव्हते, आणि काही मुले उरली होती ज्यांच्या घरात मोठे कोणी नव्हते. अर्जदाराचे पती आणि चारही मुले त्याच वर्षीच्या एप्रिलात गेली. बायकांकडे भांडी होती, पण एकटीच्या घशाखाली घास उतरत नव्हता. मुलांना भूक होती, पण भांडी नव्हती. म्हणून एका चुलीवर रताळी शिजू लागली. त्यालाच पुढे मंडळ म्हणू लागलो, कारण नाव नसले तर मदत देणारे विचारतात, पावती कोणाच्या नावे फाडू.

मंडळाचा नियम एकच आहे. ज्याला आई नाही त्याने मंडळातून आई निवडावी, बाप नाही त्याने बाप निवडावा, आणि ज्याला निवडले त्याने नाही म्हणायचे नाही. बाप होण्याजोगे पुरुष टेकडीवर फारसे उरले नव्हते. त्यामुळे जरा मोठी झालेली पोरेच बाप झाली. बेयाता चार वर्षांची असताना तिने तेओनेस्त या अकरा वर्षांच्या मुलाकडे बोट दाखवले. तेओनेस्तने त्याच दिवशी सकाळी अर्जदाराकडे बोट दाखवलेले असल्याने अर्जदार वयाच्या छत्तिसाव्या वर्षी एकाच दिवशी आई व आजी झाली.

२. बेयाताने विवाहनोंदणीच्या अर्जात 'वडिलांचे नाव' या रकान्यात तेओनेस्तचे नाव लिहिले. ते तिने विचार करून लिहिले नाही, सवयीने लिहिले. शाळेपासून ती तसेच लिहीत आली आहे. यावर कार्यालयाने पहिली हरकत घेतली की, वडील व कन्या यांच्या वयात केवळ सात वर्षांचे अंतर असून ते शारीरिकदृष्ट्या असंभव आहे. हरकत रास्त आहे. चौऱ्याण्णव साली या टेकडीवर शारीरिकदृष्ट्या असंभव अशा पुष्कळ गोष्टी झाल्या आणि त्या वेळी कोणत्याही कार्यालयाने हरकत घेतल्याचे अर्जदाराच्या स्मरणात नाही.

तेओनेस्तविषयी इतकेच कळवते की, तो गवंडी आहे. बेयाताला गोवर निघाला तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि तिला पाठीवर घेऊन दवाखान्यात गेला होता. तिथल्या परिचारिकेने विचारले, "अरे, हिचा बाप कुठाय?" तो म्हणाला, "मीच. औषध कसं द्यायचं ते सांगा." तिचे गुण कमी पडले की तो शाळेत जाऊन गुरुजींशी भांडे आणि घरी येऊन तिच्याशी भांडे. त्याचे स्वतःचे लग्न त्याने आजवर लांबवले आहे. मंडळातील कोलेताबाई त्याला रोज टोमणा मारतात, "अरे घोडनवऱ्या, तुझ्यासाठी पाहून ठेवलेल्या पोरींना आता नातवंडं व्हायची वेळ आली." तो म्हणतो, "आधी मुलगी उजवू दे, मावशी. बाप आहे मी." अशा माणसाचे काय करावे हे अर्जदारास सुचत नाही, पण त्याला रकान्यातून खोडावे असे तिला वाटत नाही.

३. पहिला बाप नामंजूर झाल्यावर मंडळाने अर्जदाराचे नाव सुचवले. साहेबांनी दुसरी हरकत घेतली की, मागणीच्या समारंभात वधूपक्षाकडून बोलायला पुरुषच लागतो, हा पूर्वापार रिवाज आहे. साहेब राजधानीत वाढले असूनही त्यांना रिवाजाची इतकी आस्था आहे हे पाहून आनंद झाला. रिवाज अर्जदारासही ठाऊक आहे. दोन्ही पक्ष समोरासमोर बसतात. वराकडचे गाय देऊ करून मुलगी मागतात आणि वधूकडचा बोलणारा त्यांना सरळ हो म्हणत नाही. तुम्ही कोण, वाट चुकलात का, आमची मुलगी तर मठात जाऊन बसली, असे काहीबाही सांगून तो त्यांचा घाम काढतो, आणि मग ज्वारीच्या दारूचा घडा पुढे येतो. अर्जदाराने याचा सराव मंडळाच्या अंगणात केला. तो पाहून कोलेताबाई म्हणाल्या, "फेलिसिता, तू नुसती डोळे वटारून बसलीस तरी वराकडचे गाय इथंच टाकून पळतील." मंडळाच्या मते अर्जदार या कामास लायक आहे. ती पुरुष नाही हा दोष तिने लपवलेला नाही.

४. आता मूळ तक्रारीकडे. संदर्भीय पत्राने कळवण्यात आले की, सलोखा सप्ताहात राजधानीहून पाहुणे येणार असून छायाचित्रकारही येणार आहेत. सबब सदर विवाह 'आदर्श विवाह' म्हणून निवडण्यात आला आहे. आणि वधूपित्याच्या जागी, 'वधूच्या कुटुंबाचा निकटचा परिचय असलेले त्याच टेकडीवरील ज्येष्ठ पुरुष' म्हणून श्री. अनास्ताझ सेबुहोरो, वय ६०, यांची नेमणूक करण्यात येत आहे. ही व्यवस्था मान्य केल्याखेरीज विवाहाची नोंदणी होणार नाही. येत्या शनिवारी, दि. २२ रोजी, लग्न आहे. मुलाकडच्यांनी गाय निवडली आहे, पाहुण्यांना बोलावणी गेली आहेत, आणि बेयाताची कागदपत्रे साहेबांच्या टेबलावर पेपरवेटखाली आहेत.

सेबुहोरो यांचा वधूच्या कुटुंबाशी निकटचा परिचय होता हे पत्रातील विधान अक्षरशः खरे आहे. ते शेजारी होते. बेयाताच्या वडिलांच्या घराला केळीच्या बागेकडून मागचे दार आहे, हे टेकडीवर त्यांनाच माहीत होते. सुऱ्या घेऊन आलेल्यांना त्यांनी तेच दार दाखवले आणि स्वतः पुढे झाले. बेयाता त्या वेळी तापाने फणफणल्यामुळे अर्जदाराकडे होती आणि अर्जदार ज्वारीच्या शेतात लपली होती, म्हणून साहेबांना आदर्श विवाहासाठी वधू उपलब्ध झाली आहे. हे अर्जदार कोणावर आळ घेण्यासाठी लिहीत नाही. सेबुहोरो यांनी टेकडीच्या न्यायसभेत हे सर्व स्वतः कबूल केले, शिक्षा भोगली, रस्त्यासाठी खडी फोडली आणि परत आले. ते कोणास त्रास देत नाहीत. वाटेत भेटले की अर्जदार नमस्कार करते, तेही करतात, आणि दोघेही आपापल्या वाटेने जातात. असे पुष्कळ वर्षे चालले आहे आणि अर्जदाराच्या मते ते बरे चालले आहे.

५. जुलैच्या शेवटच्या शनिवारी श्रमदानानंतरच्या सभेत साहेबांनी ही नेमणूक ध्वनिक्षेपकावरून जाहीर केली. टाळ्या वाजवण्याचा इशारा कारकुनाने केला, पण लोकांच्या हातात कुदळी होत्या. सभा संपल्यावर अर्जदार साहेबांना भेटली. साहेब म्हणाले, "बाई, मागचं किती दिवस उगाळणार? पुढं पाहायला शिका." याबाबत नम्रपणे कळवण्यात येते की, अर्जदार पुढेच पाहते. तिच्या अंगणातून पुढे पाहिले की सेबुहोरो यांचेच घर दिसते.

मग साहेबांनी बेयाताला बोलावून घेतले. तिने साहेबांना शांतपणे सांगितले, "साहेब, मला बाप आहे. तो सात वर्षांनी मोठा आहे, एवढंच." साहेबांनी हे तिचे भावनिक विधान असल्याचा शेरा मारला आणि कागद बाजूला ठेवला. घरी आल्यावर ती अर्जदाराला म्हणाली, "आजी, नोंदणी नाही झाली तर न होऊ दे. सेबुहोरोंच्या हातून मी कुणाच्या घरी जायची नाही." ती हट्टी आहे. लग्न मोडण्याची वेळ आली तर ती मोडेल, आणि तेओनेस्त कार्यालयाच्या पायरीवर येऊन बसेल, आणि मग छायाचित्रकाराला जे मिळेल ते साहेबांना आवडणार नाही. हा धाक नव्हे, माहिती आहे.

६. अडचण केवळ भावनेची नसून कार्यक्रमाचीही आहे. रिवाजाप्रमाणे वधूपित्याने आपल्या सर्व नातलगांची नावे घेऊन ओळख करून द्यायची असते: हा माझा थोरला भाऊ, ही त्याची बायको, ही माझी आई. बेयाताच्या नातलगांची नावे सेबुहोरो यांना तोंडपाठ आहेत. न्यायसभेत त्यांनी ती एकापाठोपाठ एक सांगितली होती आणि कोण कुठे पडले हेही सांगितले होते. तीच यादी ते पाहुण्यांपुढे सांगणार काय, अशी विचारणा अर्जदाराने कारकुनामार्फत केली. त्यावर कार्यालयाने सेबुहोरो यांच्यासाठी छापील भाषण पाठवले. त्यात असे वाक्य आहे: 'वधूचे काही आप्त अपरिहार्य कारणास्तव आज उपस्थित राहू शकले नाहीत, त्याबद्दल दिलगीर आहोत.'

अर्जदाराने ते वाक्य मंडळाच्या बायकांना वाचून दाखवले. मग कोलेताबाई हसू लागल्या आणि मग सगळ्याच हसू लागल्या, आणि हसता हसता काहीजणी रडल्या. बायकांना असे हसवणारे पत्र कार्यालयाकडून प्रथमच आले याची नोंद व्हावी. अर्जदार हसली नाही. तिला राग आला होता आणि तो अद्याप आहे.

७. येथपर्यंतचा मजकूर लिहून झाला असता काल रविवारी चर्च सुटल्यावर श्री. सेबुहोरो अर्जदाराच्या कुंपणापाशी येऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत ते प्रथमच तेथवर आले. अर्जदाराने त्यांना आत या म्हटले नाही व बसा म्हटले नाही. ते टोपी हातात घेऊन म्हणाले, "बाई, साहेबांचा शिंपी येऊन माझी मापं घेऊन गेला. सूट शिवतायत. टायसुद्धा आहे."

अर्जदार म्हणाली, "शोभेल तुम्हाला."

ते म्हणाले, "टोचून बोला, चालेल. पण मला यातनं सोडवा. त्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यायला सांगितलाय. माझ्याच्यानं नाही व्हायचं ते. मी साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, तू अजून पुरता सुधारला नाहीस."

त्यांनी हातातली टोपी फिरवली. मग ते म्हणाले, "तुम्ही साहेबांना लिहिताय म्हणे. त्याच्यावर माझाही अंगठा घ्या." अर्जदाराने हा अर्ज त्यांना कुंपणावरून वाचून दाखवला. परिच्छेद चारही वाचला. त्यात काही बदलायचे आहे काय असे विचारले असता ते म्हणाले, "नाही. तसंच आहे ते."

८. सबब विनंती की,
(अ) वधूपिता म्हणून तेओनेस्त यांसच कायम ठेवावे;
(ब) वधूपक्षाकडून बोलण्यास अर्जदारास मुभा द्यावी, व ती पुरुष नसल्याची उणीव तिच्या आवाजाने भरून निघेल असे समजावे;
(क) बेयाताची कागदपत्रे पेपरवेटखालून काढून गुरुवारच्या नोंदणीत घ्यावीत;
(ड) श्री. सेबुहोरो यांस शनिवारी त्यांच्या घरी राहू द्यावे.

सलोखा सप्ताहाच्या अहवालासाठी साहेबांना काही ठोस कामगिरी हवी असल्यास ती झाली आहे असे कळवण्यास हरकत नाही. अर्जदार व श्री. सेबुहोरो यांचे इतक्या वर्षांत प्रथमच एका गोष्टीवर एकमत झाले, व ते केवळ आपल्या कार्यालयाच्या पत्रामुळे झाले. याचे पूर्ण श्रेय साहेबांचे आहे. मात्र अहवालात 'क्षमा' हा शब्द घालू नये. ती त्यांनी मागितलेली नाही, अर्जदाराने दिलेली नाही, आणि तो विषय या अर्जाच्या कक्षेत येत नाही.

आपल्या विभागातील, कागदापुरती नम्र,

(सही)
फेलिसिता न्यिराबाहिझी
अध्यक्ष, 'चूल' मंडळ, वधूची आजी

सह-अर्जदार:
अनास्ताझ सेबुहोरो
डाव्या हाताचा अंगठा. (उजवा देण्यास ते तयार झाले नाहीत. अर्जदाराने कारण विचारले नाही.)

स्थळ: मुरेन्झी टेकडी
दिनांक: १७ ऑगस्ट २०१५