पहिला हात तुझाच होता, किसना

लाडक्या किसना,

धाकट्या दिराला पत्र लिहायचं तर वर आशीर्वाद लिहायची पद्धत. उदंड आयुष्याचा. तो आता कुठल्या तोंडानं लिहू रे? म्हणून थेट कामाचंच बोलते.

उद्या नाशिकच्या कोर्टात माझी साक्ष आहे. तुला मारलं ते धडपणे पाहिलेली मी एकटीच. आणि आपल्या वकीलसाहेबांनी, तुझ्या बायकोनं, सुमननं, भावकीनं मिळून मला पढवलंय, की किसननं हात उचललाच नाही असं सांगायचं. ते वाक्य मी तोंडात घोळवतेय. गिळवत नाही आणि थुंकवतही नाही. आज दुपारी तंबू झटकले, घड्या घातल्या, चुलीला पोतेरं दिलं आणि बसले तुझ्याशी बोलायला. वाद घालायला मला दुसरं कोण उरलंय?

आता तूच सांग. उचलला होतास की नाही?

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तू नाक पुसत पहिलीत जात होतास. मला अक्षर ओळखता येत नव्हतं. तू पाटी घेऊन चुलीपाशी बसायचास आणि मी भाकरी थापता थापता पिठात अक्षरं गिरवायची. चुकलं की माझ्या मनगटावर पट्टी! गुरुजी तुला मारायचे तशी, अगदी त्याच तोऱ्यात. "वयनी, ग आणि म मधी फरक कळत नाय का तुला?" एवढासा जीव, पण हात कसा सणसणीत! आज जे लिहितेय ते त्याच शाळेतलं. मला पोरबाळ झालं नाही. झालं असतं तरी त्यानं तुझ्याएवढं छळलं नसतं.

तुझा हात कायम तुझ्या तोंडाच्या पुढं धावायचा. शाळेत पाटलाच्या पोराचा दात पाडलास. का, तर त्यानं आंधळ्या म्हातारीच्या टोपलीतली करवंदं उचलली. बाजारात काटा मारणाऱ्याला त्याच्याच वजनानं हाणलास. तुझे दादा तुला गोठ्यात कोंडायचे, आणि मी मागच्या फटीतून भाकरी सरकवायची. "चुकलं म्हण की रे एकदा!" तर आतून आवाज यायचा, "कालवण दे आधी."

दादा गेले. मग धरणाकाठच्या आपल्या उरलेल्या तुकड्यावर तू तंबू टाकलेस. मी म्हटलं, शहरातली माणसं पक्कं घर सोडून कापडात झोपायला पैसे देतील? खुळा झालास का? पण आली की रे माणसं! डोंगर बघायला, पाणी बघायला, चुलीवरचं खायला. एक बाई मला म्हणाली, "आजी, बार्बेक्यू करता का?" मी तुला विचारलं ते काय असतं, तर तू म्हणालास, "कोंबडीला सुळावर द्यायचं, वयनी. गुन्हा तिचाच." किती हसलो होतो आपण!

आणि तुझी ती पाटी. 'दारू पिऊन पाण्यात जाऊ नये. गेल्यास मार मिळेल.' सुमन म्हणाली, अहो, असं लिहितात का गिऱ्हाइकाला? तू म्हणालास, खोटं लिहू का मग? कुणीतरी मोबाईलवर लिहिलंही होतं, 'जागा फार सुंदर, जेवण उत्तम, मालक मारतो.' ते वाचून तर जास्तच लोक यायला लागले!

पण किसना, मारून झालं की तू थांबायचास. हे कुणाला ठाऊक नाही, मला आहे. तो बँकेतला माणूस आठवतो? पिऊन पाण्यात शिरला, गळ्यापर्यंत गेला. तू त्याला केसाला धरून ओढत काढलास आणि काठावर दोन अशा ठेवून दिल्यास की त्याचा चष्मा माझ्या काठवटीत येऊन पडला. मग त्यालाच स्वतःची घोंगडी गुंडाळलीस, शेकोटीशी बसवलंस, हुलग्याचं माडगं पाजलंस आणि त्याचे तळवे चोळत बसलास. सकाळी तो तुझ्या पाया पडला. पुढल्या वर्षी बायकापोरं घेऊन आला. मारायचं आणि मग त्याच हातानं भरवायचं, ही तुझी रीत. चांगली की वाईट, देव जाणे. पण तुझी होती.

उन्हाळ्यात पाणी मागं सरायचं, तसे आपले तंबू त्याच्यामागं खाली उतरायचे. उघडी पडलेली जमीन वरून भेगाळलेली, टणक दिसायची आणि खाली लोण्यासारखा गाळ. ज्या वर्षी आपली कपिली म्हैस त्यात रुतली, त्या वर्षापासून तू बदललास. किती ओढली तिला! दोर तिच्या कातड्यात रुतला, पुढचा पाय मोडला, आणि ती माणसासारखी ओरडत खाली खाली गेली. शेवटी तूच पहार घेऊन तिच्या डोक्यात घातलीस, तिचे हाल बघवेनात म्हणून. त्या दिवशी तू जेवला नाहीस. तेव्हापासून रोज सकाळी पहार खुपसत फिरायचास आणि कबड्डीच्या मैदानाला मारतात तशी फक्कीची रेघ मारायचास. "हिच्या पल्याड कुणी गेलं तर तंगडी मोडीन." सगळ्यांना सांगायचास. त्या दिवशी आपल्याकडं उतरलेल्या त्या चौघा पोरांनाही सांगितलं होतंस. मी ऐकलंय.

किसना, आता ते लिहायला घेते. उद्या बोलायचंय ते आज लिहूनच बघते.

सुमन माहेरी गेली होती. दिवस मावळायला आला होता. मी भाकरी थापत होते, तू वरच्या तंबूच्या खुंट्या ठोकत होतास, हातात लाकडी मोगरी. त्या चौघांनी उंच चाकांची गाडी काढली, गाणी लावली आणि टपावर शेजारच्या तंबूतली ती चिमणी पोरगी बसवली. तिचा बाप हसत फोटो काढत होता! गाडी रेघ ओलांडून सुसाट खाली गेली.

तू ओरडलास, "ए! थांब! गाळ हाय, गाळ!" त्या गाण्यात कुणाला ऐकू जातंय? तू धावलास. मोगरी हातातच राहिली. पुढची चाकं फसली, गाडी कलली, पोरगी टपावरून घसरायला लागली. तू तिला फ्रॉकला धरून ओढलीस आणि कोरड्या जमिनीकडं अक्षरशः फेकलीस. तिचा बाप तुझ्यावरच खेकसला, "मुलीला फेकतोस?" तू वळून पाहिलंही नाहीस. खिडकीतून त्या चालवणाऱ्याची गचांडी धरलीस, त्याला बाहेर ओढलास, घोटाभर गाळातून फरफटत कडेला आणलास.

"लेकराला मारत होतास, भडव्या!"

आणि मोगरी घातलीस. दंडावर. काडकन आवाज आला. तो मी चुलीपासून ऐकला, किसना. वाळकी फांदी मोडावी तसा. पोरगा गुरासारखा ओरडला.

एक थोबाडीत पुरली असती रे! मोगरी कशाला? आधी ती खाली टाकायची, मग हात उचलायचा! मी हजारदा म्हटलं असेन तुला, की रागात हातात काय आहे ते आधी बघत जा.

पण मग तू काय केलंस? मोगरी टाकून दिलीस. म्हणालास, "बसा गप इथंच. दोर आणतो. गाडी जाईल खाली." आणि पाठ फिरवलीस. ज्याचा हात मोडला त्याचीच गाडी वाचवायला निघालास!

तोवर बाकीचे तिघं गाडीतून उतरले होते. पाठीवर पहिला दांडा बसला तो तेव्हा. गाडीतल्या जॅकचा लोखंडी दांडा. तू गुडघ्यावर आलास. मग दुसऱ्यानं तंबूची खुंटी उपटून तुझ्या डोक्यात घातली. तिसरा लाथा मारत होता, कमरेत, बरगड्यांत. तू उठायला गेलास की पुन्हा दांडा. तू हात डोक्यावर धरलेस, तर बोटांवर दांडा. तू पालथा पडलास, तोंड गाळात, आणि जॅकचा दांडा हातात असलेला तो तुझ्या मानेवर पाय देऊन उभा राहिला. तू हलायचा थांबलास, तरी ते थांबले नाहीत.

मी चुलीतलं कोलीत उचललं आणि धावले. या वयात कशी धावले कुणास ठाऊक. पाय देऊन उभा होता त्याच्या गालाला-कानाला ते कोलीत असं दाबलं की मांस जळाल्याचा वास आला. तो किंचाळत बाजूला झाला. मी पुन्हा मारलं, पुन्हा मारलं, निखारे उडाले, माझंच लुगडं पेटलं. मोडक्या हाताचा पोरगा पुढं, बाकीचे मागं, सगळे सडकेकडं पळाले. पोरीचा बापही तिला काखेत मारून गाडीला स्टार्टर मारून गेला. पुढं पोलिसांना तो सापडला नाही. मी तुला पायाला धरून ओढलं. तुझ्या तोंडात बोट घालून गाळ काढत होते. किती काढला तरी येतच होता. तुझे डोळे उघडे होते आणि त्यांच्यातही गाळ होता. पदरानं पुसला. आता पुरे, एवढंच.

गेल्या आठवड्यात वकीलसाहेब घरी आले. म्हणाले, "आजी, अवघड काही नाही. एवढंच म्हणायचं, किसन हात जोडून विनवत होता आणि त्यांनी त्याला मारलं."

मला हसू आलं. काय करू! "कोण? किसना? हात जोडून?"

"आजी, हसू नका. पहिला वार त्यानं केला म्हणालात, तर ते म्हणतील, आम्ही जीव वाचवायला मारलं. शिक्षा कमी होईल. कदाचित सुटतीलही."

"आणि ती पोरगी? तिला वाचवलं ते?"

"पोरगी कुठंय? तिचा बाप कुठंय? तो विषयच काढू नका."

"आणि दोर? तो दोर आणायला वळला होता ना. पाठीत मारलंय त्यांनी."

"आजी, कोर्टाला दोर दिसत नाही. मोडलेला हात दिसतो."

सुमननं कपबशी आपटली. फुटून तिचे तुकडे माझ्या पायाशी आले. "आक्का, मला ते चौघं आत सडलेले बघायचेत. तुमचं खरं राहू द्या तुमच्यापाशी. तिथं कोर्टात माझ्या नवऱ्याला मारकुटा म्हणालात, तर या घरात पाऊल ठेवायचं नाय!"

"मारकुटा होताच की गं," मी म्हटलं. ती रडतच आत गेली. त्या दिवसापासून माझं ताट वेगळं वाढते, आणि बोलत नाही. तिचा राग मला कळतो. तुझं रक्त लागलेला सदरा तिनं अजून धुतला नाही. मला तिच्याशिवाय कोण आहे? दादा नाहीत, तू नाहीस. या वयात हातात पिशवी घेऊन मी कुणाच्या दारात उभी राहू?

मलाही ते चौघं आत हवेत रे! माझ्या अंगात बळ असतं तर कोर्टाची वाट पाहिली नसती. कोर्टाच्या आवारात तो भाजलेला पोरगा दिसतो, कानावर केस ओढून बसलेला, तेव्हा माझा हात अजून शिवशिवतो.

पण मी ते वाक्य म्हणून पाहिलं, किसना. पाण्याकडं तोंड करून, मोठ्यानं. 'माझा दीर हात जोडून उभा होता.' आणि माझ्या डोळ्यापुढं कुणीतरी दुसराच माणूस आला. गरीब, वाकलेला, दया मागणारा. तो मेला त्याचं मला वाईट वाटलं, पण तो माझा कुणी नव्हता. त्यानं कुणा लेकराला टपावरून ओढलं नव्हतं. तो दोर आणायला वळला नव्हता. त्याला मी भाकरी भरवली नव्हती. त्या चौघांनी तुझा जीव घेतला. बाकीचा तू तर माझ्यापाशी आहेस ना? तोही मीच पुरून टाकू?

म्हणून ऐक. उद्या पहिल्या एसटीनं जाणार. पिंजऱ्यात उभी राहणार आणि सांगणार, की पहिला हात माझ्या दिरानं उचलला, पोराचं हाड मोडलं, मी ऐकलं. का उचलला तेही सांगणार. मग मोगरी टाकून तो दोर आणायला वळला, हे सांगणार. पाठीत कुणी मारलं, मानेवर कोण उभा राहिला, मेल्यावरही कोण मारत राहिला, एकेकाकडं बोट करून सांगणार. कोलीत मी लावलं हेही सांगणार, विचारलं नाही तरी. मग जज्जसाहेबांना काय दिसायचं ते दिसो.

सुमननं दार लावलं तर ओट्यावर बसेन. शिव्या दिल्या तर ऐकेन. पण तिला एकटीला सोडून कुठं जाणार नाही, हा माझा शब्द. आणि दुसराही शब्द देते, ध्यानात ठेव. जिवंतपणी तू कधी कुणापुढं हात जोडले नाहीस, मेल्यावर मी तुला जोडायला लावणार नाही.

तुझा मार खाल्लेली,
तुझी वयनी
अनसूया