चार पिनांची भोकं

उत्तन
१८ मार्च २०२३

चि. ॲलिशास,
अ. उ. आ.

फोनवर तू काहीतरी विचारत होतीस आणि मी नुसतं हो, हो म्हणत होतो. माझा उजवा कान आता कामाचा राहिलेला नाही, आणि त्या दिवशी घरात माणसंही फार होती. म्हणून सगळं लिहून कळवतोय.

तुझी आय गेल्या शनिवारी सकाळी गेली. अंगणात बोंबील वाळत घालत होती. समोरची रखमाबाई सांगते की सेलीन मध्येच खाली बसली, तिला वाटलं पडलेला बोंबील उचलतेय. रेनॉल्डकाका डॉक्टरला आणायला धावला, पण डॉक्टर येईपर्यंत काही उरलं नव्हतं.

रविवारी चार वाजता माती द्यायचं ठरलं. तुझ्यासाठी थांबायचं का, असं फादरनी दोनदा विचारलं. काकाने तुमच्या टीमच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला की मुलीने भारताचा पासपोर्ट जमा केलाय, नवा अजून हातात आलेला नाही, निदान दोन आठवडे लागतील. फोन ठेवून काका मला म्हणाला की पोरगी आता कुठल्याच देशाची न्हाय, तर तिला विमानात बसवणार कोण. मी फादरना थांबू नका म्हणून सांगितलं.

आयला हिरवी सुती साडी नेसवली. कबरस्तानात जागा कमी, म्हणून पेटीत सगळं सुतीच हवं असा पॅरिशचा नियम आहे. सुती मातीत लवकर जातं. क्लेअरकाकीने सगळं नीट बघितलं. पेटी बंद करण्याआधी मी दोन मिनिटं एकटा बसलो होतो. बाकी काही करायचं राहिलं नाही.

वेळेवर जेवत जा. लोभ आहे, तो तसाच राहील.

तुझे पप्पा
कॉन्रॅड


टीम होस्टेल
५ एप्रिल २०२३

ती. पप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

शाळेत विमलाबाईंनी घोटून घेतलेला मायना अजून हाताला येतो. बाकी अक्षर पार बिघडलंय, हसू नका.

तुमचं पत्र इथल्या ऑफिसात चार दिवस पडून होतं. आयला माती दिलीत तेव्हा मी ट्रॅकवर होते. कोचनी आराम कर म्हटलं होतं, पण खोलीत बसून काय करणार? दहा हजार मीटर म्हणजे पंचवीस फेऱ्या. मोजण्यात चुकले, सव्वीस झाल्या.

इथे मला कुणी वाईट वागवत नाही. पगार महिन्याला येतो, बुटांसाठी कुणापुढे हात पसरावा लागत नाही. मी पैशासाठी आले, हे मी आयपासूनही लपवलं नव्हतं. पण देश बदलला की तीन वर्षं कुणाकडूनच मोठ्या शर्यतीत उतरता येत नाही, असा नियम आहे. भारताकडून शेवटची धावले ती गेल्या ऑक्टोबरात. म्हणजे पंचवीसच्या नोव्हेंबरपर्यंत नुसता सराव. काका म्हणतो ते खरंच आहे.

एक गंमत सांगते. इथे आडनाव लावत नाहीत, नावापुढे वडिलांचं नाव येतं. माझ्या शर्टाच्या पाठीवर कॉन्रॅड लिहिलंय आणि मुली मला कॉन्रॅड म्हणूनच हाक मारतात. मला वाटतं तुम्हीच मागून बस घेऊन येताय. आठवतं ना, डोंगरीच्या चढावर मी बसच्या पुढे पळायचे आणि तुम्ही गाडी हळू करायचात. मागून लोक ओरडायचे की ड्रायव्हरसाहेब, एक तर पोरीला आत घ्या, नाहीतर आम्हाला तरी खाली उतरवा, आम्ही पण पळतो.

एक विचारायचं होतं. मी निघाले त्या दिवशी तुम्ही विमानतळावर आला नाहीत. ड्युटी बदलून मिळाली नाही असं आय म्हणाली होती. खरंच का?

रागावला असाल तरी लोभ असू द्यावा.

तुमची
ॲलिशा


टीम होस्टेल
१४ सप्टेंबर २०२५

ती. पप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमची पत्रं वेळेवर येतात. त्यात रेनॉल्डकाकाच्या बोटीची खबर असते, रखमाबाईच्या गुडघ्याची असते, अगदी डोंगरीच्या रस्त्यातल्या खड्ड्यांची असते. तुमची नसते. मी अडीच वर्षांपूर्वी एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर कुठल्याच पत्रात आलं नाही. असो.

तीन वर्षं संपत आली. २२ नोव्हेंबरला, शनिवारी, या देशाकडून माझी पहिली शर्यत आहे. मी आता एकोणतीस वर्षांची झाले पप्पा. इथे माझ्यापाठोपाठ दोन नव्या मुली आणल्यात, एक एकोणीसची आणि एक वीसची. त्यांचे पाय बघून मला रात्री झोप येत नाही.

एक काम आहे. माझी भारताची निळी जर्सी आयच्या कपाटात, दुसऱ्या फळीवर आहे. ती तिनेच धुऊन ठेवली होती. इंद्रलोकमधली ममता इथे नर्स आहे, ती नाताळापर्यंत सुट्टीवर भाईंदरला आलीय. तिच्याबरोबर पाठवाल का? घालायची नाहीये, घालता येतही नाही. नुसती बॅगेत असली तरी पुरे.

तब्येत सांभाळा. तुमच्या लोभावर माझं चाललंय.

तुमची
ॲलिशा


उत्तन
२ ऑक्टोबर २०२५

चि. ॲलिशास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. मी बरा आहे. कानाचं मशीन आणलं, पण त्यात वारा फार ऐकू येतो.

तुझ्या अभिनंदनाचा मोठा फ्लेक्स नाक्यावर होता ना, तो तू गेल्यावर कुणीतरी काढून टाकला होता. तेव्हा नाक्यावर लोक बरंच काही बोलायचे, मी ते तुला कळवलं नाही. या पावसात तो फ्लेक्स सापडला. रखमाबाईने तिच्या जळणावर घातलाय. मी म्हटलं, अगं ही आमची पोर आहे. तर म्हणाली की म्हणून तर घातलाय, तुझ्या पोरीखाली एक काटकी भिजली न्हाय.

जर्सी बघितली. कपाटाची दारं पावसात फुगलीत, नीट उघडत नाहीत. सापडली नाही. पुन्हा बघतो.

आता महत्त्वाचं. पॅरिशकडून चिठ्ठी आलीय. तुला माहीत आहे, आपल्या कबरस्तानात दोन-तीन वर्षांनी कबर उघडतात आणि हाडं भिंतीतल्या कप्प्यात ठेवतात. आयची पाळी आलीय. शुक्रवार, २१ नोव्हेंबर, सकाळी नऊ. घरच्यांनी हजर राहायचं असतं. कप्पा एकदा सिमेंटने बंद केला की परत उघडत नाहीत.

मातीच्या वेळी तुला येता आलं नाही. आता तुझ्याकडे पासपोर्ट आहे. तुझ्या शर्यतीची तारीख माझ्या लक्षात आहे, तरी कळवतोय. जमलं तर बघ. नाही जमलं तर रेनॉल्डकाका आहेच.

लोभ आहे. आणखी काय लिहू?

तुझे पप्पा
कॉन्रॅड


टीम होस्टेल
१६ ऑक्टोबर २०२५

ती. पप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचल्यावर मी सरळ मॅनेजरकडे गेले. तो म्हणाला की पहिल्याच शर्यतीला नाही आलीस तर करार तिथेच संपतो, आणि ती एकोणीसची मुलगी तयारच आहे. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. करार संपला तर इथे मी कोण, आणि तिकडे परत घेणार कोण?

फादरना विचारा ना, आठच दिवस पुढे ढकलता येईल का. आठ दिवस. मी हात जोडते.

आणि जर्सीचं खरं ते सांगा. आयच्या कपाटाला तीन फळ्या आहेत. त्यात एक निळी जर्सी न सापडायला ते काय भाईंदरचं गोडाऊन आहे? मला वाटतं तुम्ही ती टाकून दिलीत. माझ्यावर तुमचा राग आहे, मी देश विकला असं नाक्यावरच्या लोकांसारखं तुम्हालाही वाटतं. मग तसं लिहा. तीन वर्षं तुम्ही मला जेवत जा, जेवत जा एवढंच लिहिताय. एकदा रागावून लिहिलंत तर मला निदान कळेल की मी कुठे उभी आहे.

लोभ मागायचा हक्क उरलाय का, माहीत नाही. तरी मागते.

ॲलिशा


उत्तन
२५ नोव्हेंबर २०२५

चि. ॲलिशास,
अ. उ. आ.

फादर म्हणाले की यंदा पावसात गावात माणसं फार गेली, एकही कबर मोकळी नाही, एक दिवससुद्धा थांबता येणार नाही. म्हणून तेव्हा फोन करून तुला शर्यतीतच धाव म्हणून सांगितलं. तू काय बोललीस ते मला ऐकू आलं नाही. मशीन लावलं होतं, तरी आलं नाही.

शुक्रवारी मी, काका आणि क्लेअरकाकी गेलो. कबरी खणणाऱ्या महिपतने कबर उघडली. पेटीचं लाकूड गेलं होतं, साडीही गेली होती. आयचं सगळं स्वच्छ होतं, तू घाबरू नकोस. मग महिपत थांबला. त्याने हाताने माती बाजूला केली आणि एक निळी घडी वर काढली. म्हणाला, हा नायलॉन कुणी घातला, हा शंभर वर्षं जायचा नाही, तुम्हाला नियम माहीत नाहीत का. क्लेअरकाकी शपथ घ्यायला लागली की तिने नखशिखांत सगळं सुती बघितलं होतं. मग हळूहळू सगळे माझ्याकडे बघायला लागले. एकतीस वर्षांच्या नोकरीत माझ्यावर एक मेमो नाही. महिपतने मला सगळ्यांसमोर झापलं. मी ऐकून घेतलं.

पेटी बंद करण्याआधी मी दोन मिनिटं बसलो होतो, तेव्हा ती आयच्या हाताखाली ठेवली. तू नव्हतीस, तुझं काहीतरी तिच्याजवळ असावं असं वाटलं. सुतीचं तेव्हा डोक्यात आलं नाही. तू मागितलीस तेव्हा खरं लिहायला बसलो होतो, पण कपाटाचं लिहून मोकळा झालो.

आता विमानतळाचं. ड्युटी बदलून मिळाली असती. मी अर्जच दिला नाही. डोंगरीच्या चढावर तू पुढे पळायचीस तेव्हा मला माहीत असायचं की पुढच्या स्टॉपला तू थांबशील. त्या दिवशी ते माहीत नव्हतं. राग नव्हता. राग असता तर लिहिला असता, तो लिहायला सोपा असतो.

शनिवारी काकाच्या मोबाइलवर तुझी शर्यत बघितली. पाचवी आलीस. शेवटच्या फेरीत डावा हात बाहेर फेकत होतीस, ती सवय अजून गेली नाही. क्लेअरकाकीने तुझ्या पाठीवरचं नाव वाचून दाखवलं, तर रखमाबाई म्हणाली की ह्या वयात कॉन्रॅड बरा पळतोय. सगळे हसले. मीही हसलो. मग ते आपापल्या घरी गेले.

कप्पा बंद झाला. वरच्या रांगेत आहे, दुपारी तिथे ऊन येतं.

जर्सी मी तीन वेळा धुतली. निळा रंग बराच राहिलाय. छातीवरचं देशाचं नाव गेलंय, चिकटवलेलं असणार. मागचं तुझं नावही गेलंय. नंबराचा कागद तू पिनांनी लावायचीस, त्या चार पिनांची भोकं तेवढी आहेत. आयच्या बोंबलांच्या काठीवर वाळत घातलीय. ममता नाताळानंतर, २८ तारखेला निघते. तिच्याबरोबर पाठवू, की तू न्यायला येशील, ते कळव.

माझ्या वेळी सगळं सुतीच घाला, असं काकाला सांगून ठेवलंय. महिपतचं परत कोण ऐकणार?

लोभ होता आणि आहे. लिहायचा राहिला होता.

तुझे पप्पा
कॉन्रॅड


टीम होस्टेल
८ डिसेंबर २०२५

ती. पप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

ममताकडे देऊ नका. जर्सी तिथेच राहू दे, फक्त बोंबलांपासून जरा लांब घाला.

मॅनेजरने दहा दिवसांची सुट्टी दिलीय. पाचवी आले म्हणून दिली, चौथी आले असते तर पंधरा दिली असती म्हणतो. काल रात्री व्हिसाचा फॉर्म भरला. पूर्वी भारताचे नागरिक होता का, असं त्यात विचारलंय, तिथे हो लिहिलं. खाली भारतातल्या ओळखीच्या एका माणसाचं नाव आणि पत्ता मागितलाय. तुमचं नाव लिहिलं, उत्तनचा पत्ता लिहिला. त्या माणसाशी तुमचं नातं काय, हे लिहायला रकाना नव्हता. मी दोनदा वरखाली करून बघितलं.

सगळं नीट झालं तर २३ तारखेला सकाळी सात वाजता उतरते. विमानतळावर या. आता तुम्हाला ड्युटी नाही.

विमान उतरलं तरी मी लगेच बाहेर दिसणार नाही. परदेशी पासपोर्टची रांग वेगळी असते आणि ती हळू सरकते असं ममता म्हणते. सगळी माणसं बाहेर पडून गेली तरी निघू नका. थांबा.

तुमची
ॲलिशा कॉन्रॅड